आधी किंगपिन, मग उंची

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात साखरप्याजवळ आमची आंबा-काजूची बाग आहे. मामांनी वापरलेली १९९९ सालची, कार्ब्युरेटरची जिप्सी किंग गेल्या वर्षी माझ्या नावावर झाली. बागेपर्यंतचा तीन किलोमीटरचा रस्ता लाल मातीचा आहे आणि पावसाळ्यात मध्ये एक पऱ्या (ओढा) ओलांडावा लागतो. साठच्या वेगाला स्टिअरिंग जोरात थरथरते, आंबा घाटात गाडी तापते आणि मॅटखालचा पत्रा दोन ठिकाणी बोटाने दाबला तरी आत जातो. हाताशी एक लाख वीस हजार रुपये आहेत. ओळखीच्या गॅरेजवाल्यांनी तीन इंच लिफ्ट (गाडी उचलून उंच करणे), ३१ इंची टायर, पुढे जाड लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र) असा बेत सुचवला आहे. लिफ्टबरोबर नवा स्टिअरिंग डॅम्पर टाकला की थरथर जाईल, असे ते म्हणतात. पैसे कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च करावेत?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात गाडीच्या तीन तक्रारी आहेत आणि गॅरेजच्या बेतात चार वस्तू आहेत. पण त्या चारांपैकी एकही वस्तू तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीवरही इलाज करत नाही. म्हणून पहिला सल्ला असा की, या वर्षी लिफ्ट, ३१ इंची टायर, बंपर आणि विंच या चारही गोष्टी बाजूला ठेवाव्यात.

यामागचे कारण केवळ पैशाचे नाही. जिप्सीचे खरे बळ तिच्या हलकेपणात आहे. सुमारे एक हजार किलो वजन, शिडीसारखी चासी, पुढे-मागे कमानपाट्यांवर बसलेले अखंड ॲक्सल आणि वेगळा लो-गिअर एवढ्याच भांडवलावर ही गाडी, तिच्या दीडपट वजनाच्या गाड्या जिथे रुततात तिथून निघून जाते. तुमच्या गाडीतले १२९८ सीसीचे इंजिन सुमारे ६० अश्वशक्तीचे आहे. ८० अश्वशक्तीचे इंजेक्शनवाले इंजिन २००० सालापासून आले. या ६० अश्वशक्तीवर जाड बंपर, विंच आणि मोठ्या टायरांचे ओझे घातले, तर गाडी दिसायला दणकट होईल, पण चिखलात आणि घाटात आजच्यापेक्षा कमी चालेल. पुढे जे सुचवतो आहे ते सगळे हा हलकेपणा राखूनच सुचवतो आहे.

आता थरथरीकडे वळू, कारण ती तुमच्या जिवाशी निगडित आहे. स्टिअरिंग डॅम्पर हा धक्के शोषणारा दांडा आहे. सांध्यांत आलेली ढिलाई तो दूर करत नाही, फक्त काही महिने जाणवू देत नाही, आणि तेवढ्या काळात ती ढिलाई वाढत जाते. जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना जो मोठा गोल गोळा दिसतो, त्यावर चाक वळवणारा नकल वर एक आणि खाली एक अशा दोन बेअरिंगवर फिरतो. दोन्ही बाजू मिळून ही चार किंगपिन बेअरिंगे होतात. ती झिजली, किंवा त्यांच्यावरचा दाब शिमच्या चकत्यांनी नीट बसवलेला नसला, की एका ठरावीक वेगाला पुढची चाके आपणहून डावी-उजवीकडे हेलकावू लागतात. वीस वर्षांपुढच्या जिप्सीत थरथरीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते, आणि गॅरेजमध्ये सर्वांत शेवटी पाहिली जाणारी जागाही हीच असते.

ही तपासणी तुम्ही घरच्या अंगणातही करू शकता. पुढचा ॲक्सल जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली किंवा चाकापाशी काम करू नका. मग चाक वरून आणि खालून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आतबाहेर हलवा. खडखड जाणवली, तर घरातल्या कुणाला तरी ब्रेकवर पाय दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. ती तशीच राहिली, तर दोष किंगपिनमध्ये आहे. नंतर तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यास टाय रॉडच्या टोकांतली ढिलाई कळते. कमानपाट्यांचे बुश, शॅकलचे (पाटा चासीला जोडणाऱ्या कड्यांचे) नटबोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्सचा खेळ हेही याच वेळी पाहून घ्यावे. अर्थात या सगळ्याच्या आधी चाकांचे बॅलन्सिंग करून आणि चारही टायरांत हवा सारखी भरून पाहावी, कारण क्वचित एवढ्यानेच काम होते.

किंगपिन निघालेच, तर नकल पूर्ण खोलावा लागेल, आणि इथेच कमी पैशांत काम करणाऱ्याने थोडे पुढचे पाहायला हवे. नकल एकदा खोलला की त्याच मजुरीत किंगपिनची चारही बेअरिंगे, चाकांची बेअरिंगे, गोळ्यावरची रबर आणि फेल्टची सीले आणि ॲक्सलचे आतले ऑइल सील ही सगळी कामे होतात. आतल्या सांध्यातले जुने ग्रीस धुऊन नवे भरण्याचे कामही तेव्हाच होते. आतले सील गळत असेल तर हौसिंगमधले (ॲक्सलच्या कवचातले) तेल गोळ्यात उतरते, ग्रीस पातळ करते आणि नकलच्या बाहेर ओघळून ब्रेकपर्यंत पोहोचते. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर तेही इथेच कळेल. आज एक सील वाचवले, तर सहा महिन्यांनी पूर्ण मजुरी पुन्हा द्यावी लागेल. बेअरिंगे आणि सीले नवी आणि चांगल्या कंपनीचीच घ्यावीत आणि तीही ओळखीच्या दुकानातून बिलावर, कारण नकली बेअरिंगांचा सुळसुळाट मोठा आहे. शिम घालताना मिस्त्रींनी नकल वळवायला लागणारा जोर काटा लावून मोजावा आणि तो मॅन्युअलमधल्या मर्यादेत आणावा. हाताच्या अंदाजाने बसवलेले किंगपिन फार दिवस टिकत नाहीत. याच खेपेला ब्रेकचे रबरी पाइप, पुढचे कॅलिपर आणि मागचे व्हील सिलिंडर तपासून ब्रेक ऑइल बदलून घ्यावे.

घाटात तापण्याचा प्रश्न याहून स्वस्तात सुटेल असे वाटते, मात्र तो सुटेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. या इंजिनाचे हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत आणि एकदा गाडी भरपूर तापली की हेड वाकते. मग तुमचे सगळे पैसे तिथेच जातात. तापमानाचा काटा कधी चढतो ते नीट आठवून पाहा. गाडी हळू चालताना किंवा उभी असताना काटा चढत असेल, तर पंखा, त्याचा क्लच किंवा पट्टा यांवर संशय घ्यावा. वेगात किंवा लांब चढावर चढत असेल, तर रेडिएटर तुंबला आहे असे समजावे. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. रेडिएटरवाल्याकडून तो खोलून साफ करून घ्यावा, थर्मोस्टॅट आणि सगळे होज पाइप नवे टाकावेत आणि पुढे कायम कूलंट व डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, कारण मग इंजिन योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेले आहे आणि ते काम सर्वांत आधी करावे लागेल. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची मामांकडे नोंद नसेल, तर तो बदलून टाकावा.

पत्र्याच्या गंजाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. कोकणातला पाऊस आणि दमट हवा यांत पत्रा वरून चांगला दिसत असला तरी आतून खाल्लेला असू शकतो. मॅटखालची दोन भोके दिसली म्हणून कळली. पण चासीवर बॉडी जिथे टेकते त्या जागा, पाट्यांची बैठक, मागची आडवी पट्टी आणि पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड हातोडीने हलके ठोकून आणि पेचकसाने टोचून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. ठोकल्यावर टणक आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला, किंवा पेचकस आत रुतला, तर तिथे कापून नवा पत्रा जोडावा लागेल. गंजावर पुट्टी आणि रंग चढवणारा माणूस स्वस्त सांगेल, पण त्याला काम देऊ नका. पाट्यांची बैठक गंजलेली असेल, तर इतर सगळा खर्च थांबवून ते काम आधी करा. तिथे चासी तुटली तर ॲक्सल जागचा हलतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढावी आणि मागच्या बाजूचे काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. चासी क्रमांक कोरलेल्या जागेवर मात्र ग्राइंडर अजिबात फिरवू देऊ नका. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी आरटीओत त्या क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेतला जातो आणि तो अस्पष्ट झाला तर मोठा मनस्ताप होतो. तिथला गंज तारेच्या मऊ ब्रशने आणि तेलाने हलक्या हाताने साफ करावा व वर ग्रीसचा थर द्यावा. चासीच्या पोकळ पट्ट्यांत भोकांवाटे लाल माती शिरते आणि ओल धरून राहते. त्या आतून पाण्याच्या जोराने धुवाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि मग आत गंजरोधक मेण फवारावे. खालून जळके काळे ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि पहिल्याच पावसात ते ऑइल बागेच्या मातीत उतरते. जून ते सप्टेंबर गाडीतली मॅट काढून ठेवली तरी पत्र्याचे आयुष्य बरेच वाढेल.

आता टायर. तुमच्या गाडीला बहुधा २०५/७० आर १५ मापाचे टायर असतील. त्यांचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ १८ टक्के मोठा असतो. याचा अर्थ प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो, घाटात क्लच जळू लागतो, ब्रेकला चाक थांबवणे अवघड जाते आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ७० च्या पुढे धावत असते. पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांवर पडणारा ताणही वाढतो, आणि ते सांधे मूळच्या टायरांचा हिशेब करून बनवलेले आहेत. त्याऐवजी २१५/७५ आर १५ मापाचे ऑल-टेरेन टायर घ्यावेत. त्यांचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर असतो, ते मूळ रिमवर बसतात आणि त्यांच्यासाठी लिफ्ट लागत नाही. व्यासातल्या फरकाचा अर्धाच भाग जमिनीपासूनच्या उंचीत मिळतो, म्हणजे सुमारे १८ मिलिमीटर. पण हे १८ मिलिमीटर हौसिंगच्या खाली मिळतात, आणि दगड अडकतो तोही तिथेच. लिफ्टने बॉडी वर जाते, हौसिंग जागचे हलत नाही.

तुमच्या रस्त्यासाठी अरुंद टायर योग्य ठरण्याचे आणखी एक कारण आहे. जांभ्याच्या मुलखातला लाल चिखल बहुतेक ठिकाणी वरवरचा असतो आणि खाली कडक जांभा लागतो. अरुंद टायर तो चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत पोहोचतो, रुंद टायर मात्र वरच तरंगत घसरतो. मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे मड टायर चिखलात याहून चांगले चालतील, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते, आणि तुमचा आंबा घाट पावसाळ्याचे चार महिने ओलाच असतो. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. गोदामात पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नये.

टायरांबरोबर हवा मोजायचे चांगले मापक आणि बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर जरूर घ्या. चिखलाचा पट्टा सुरू होण्याआधी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायरचा टेकणारा भाग लांबट होतो आणि पकड इतकी सुधारते की, अनेकांना लिफ्टची गरजच उरत नाही. डांबरी रस्त्यावर परतल्यावर मात्र हवा लगेच भरावी.

पऱ्या ओलांडण्यासाठी एक बदल अवश्य करा, आणि तो अगदी थोडक्या पैशांत होतो. दोन्ही हौसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांना हवा जाण्यायेण्यासाठी छोटे ब्रीदर असतात. गरम हौसिंग थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्या ब्रीदरना तेल सोसणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हौसिंगचा वरचा बोल्ट काढून तेल पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर त्याच दिवशी बदलावे. हौसिंगमध्ये जीएल-५ दर्जाचे तेल चालते, गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-४ घालावे, कारण आतल्या पितळी कड्यांना ते मानवते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आणि वायरींच्या टोकांना सिलिकॉन ग्रीस लावावे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले असेल तर उतरू नये, थांबावे. तेवढे पाणी असताना पऱ्याला ओढ असते आणि एक हजार किलोची गाडी त्या ओढीपुढे टिकत नाही. फोर-व्हील-ड्राइव्ह माती, चिखल आणि ओल्या दगडांवरच वापरावे, कोरड्या डांबरावर नव्हे. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा बागेच्या रस्त्यावर ते लावून थोडे चालवावे, म्हणजे पुढच्या हौसिंगमधले दातरे आणि सीले कोरडी राहत नाहीत.

लिफ्टबद्दल माझा अनुभव सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या जिप्सीला मी एका गॅरेजमध्ये लांब शॅकल बसवून घेतले, कारण तो उंचीचा सर्वांत स्वस्त मार्ग होता. त्याने पुढचा ॲक्सल किंचित फिरला, कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याच्या मागे झुकण्याचा, कोन कमी झाला आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासे झाले. महामार्गावर गाडी सतत हाताने सावरावी लागे. चार महिन्यांनी मी मूळ शॅकल परत बसवले. तुमचे पाटे बसले असतील, तर ते कमानवाल्याकडे देऊन मूळ वाकावर आणावेत, तुटलेले पान बदलावे आणि नवे बुश व चांगले शॉक ॲब्सॉर्बर घालावेत. एवढ्याने पंचवीस वर्षांच्या गाडीची हरवलेली उंची परत येते आणि कोणताही कोन बिघडत नाही.

या बेताला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढचे लोखंडी गार्ड काढण्याबाबत केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते, आणि त्याचे कारण योग्यच होते, कारण पायी चालणाऱ्याला अशा बंपरची धडक फार घातक ठरते. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलांवर बोट ठेवते. तुमच्या १९९९ च्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर होत आले असेल, तर पुढचे २०२९ मध्ये येईल. ती मूळ रूपात आरटीओत उभी राहिली तर तुमचे काम सोपे होईल.

विंचच्या जागी, चासीला थेट बोल्टने बसवलेले पुढचे आणि मागचे भक्कम हुक, गाडी ओढायचा एक चांगला पट्टा, तो हुकाला अडकवायच्या योग्य क्षमतेच्या दोन कड्या (यांनाही शॅकलच म्हणतात) आणि एक फावडे पुरेसे आहे. तीन किलोमीटरच्या रस्त्यावर शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर बोलावणे शक्य असते. पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणीही उभे राहू नये.

खर्चाचा क्रम असा धरा : पुढचा ॲक्सल व ब्रेक, मग गंज, मग रेडिएटर, आणि टायर सर्वांत शेवटी. वीस हजार रुपये आधीच वेगळे काढून ठेवा, कारण पत्रा कापल्यावर आत किती गंज निघेल हे कोणताही प्रामाणिक मिस्त्री आधी सांगू शकत नाही. पैसे अपुरे पडले तर टायर पुढच्या वर्षावर ढकला, पण ॲक्सलचे काम अर्धवट सोडू नका. सुटे भाग मिळण्याची चिंता करू नका. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली असली, तरी लष्करात ती मोठ्या संख्येने वापरली गेल्यामुळे तिचे भाग अजून मिळतात. हौसिंग, शाफ्ट किंवा दरवाजा यांसारखा न झिजणारा भाग मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून आणायला हरकत नाही. सील, बेअरिंग, ब्रेकचे रबर आणि पट्टे मात्र तिथून आणू नयेत.

हे काम मृगाच्या आधी उरकेल अशा बेताने गाडी एप्रिलच्या सुरुवातीलाच गॅरेजमध्ये द्या आणि नकल खोलतील त्या दिवशी स्वतः तिथे हजर राहा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या शिमच्या चकत्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायला सांगा आणि निघालेली जुनी किंगपिन बेअरिंगे टाकू न देता पुसून हातात घ्या. बाहेरच्या कड्यावर, रोलर टेकतात तिथे, एकाशेजारी एक अशा बारीक खाचा दिसल्या, तर तुमची थरथर तिथूनच येत होती.